‘लक्ष कुठे आहे तुझे?’

शाळेच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. काही मुलांना मात्र तो रोज ऐकावा लागतो, आणि अशा मुलांसाठी मराठीने शब्दांची कधीच काटकसर केलेली नाही. ते मूल धांदरट असते, वेंधळे असते, द्वाड असते, वांड असते. त्याच्या पायाला भिंगरी असते, अंगात वारे शिरलेले असते. या कानाने ऐकून त्या कानाने ते सोडून देते. आणि दंगा न करता नुसतेच खिडकीबाहेर पाहत बसणारी एखादी मुलगी असेल तर तिची ‘तंद्री लागलेली’ असते.

या सगळ्या शब्दांत वर्णन थोडे आणि निकाल जास्त आहे. मनात आणले तर हे मूल नीट वागेल, पण ते मनातच आणत नाही, असा तो निकाल. मूल ऐकेना की निकाल आईवर उलटतो: लाडाने बिघडवले! आज डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे अवधान टिकवता न येणे, अतिचंचलता आणि आवेगशीलता यांचा जो विकार, त्याचा इतिहास हा बराचसा या निकालाविरुद्ध केलेल्या अपिलाचा इतिहास आहे. हे अपील सुमारे अडीचशे वर्षे चालू आहे आणि त्यात वळणेही बरीच आहेत.

हा अमेरिकेने आणि औषध कंपन्यांनी काढलेला नवा आजार आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. नाव नवे आहे हे खरे. पण १७७५ साली मेल्खियोर आदाम वायकार्ड या जर्मन वैद्याने आपल्या ग्रंथात लक्ष न टिकणाऱ्या माणसांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले होते. अशी माणसे कुठलीही गोष्ट वरवर पाहतात, चटकन विचलित होतात, हाती घेतलेले काम तडीस नेत नाहीत, असे त्याने नोंदवले. कारण विचाराल तर बालपणी शिस्त कमी पडली आणि मेंदूचे तंतू फाजील लाडाने सैल झाले! उपाय काय, तर थंड पाण्याची आंघोळ, व्यायाम आणि घोडदौड. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या जे म्हणत आल्या, तेच हा वैद्य शास्त्राच्या भाषेत म्हणत होता. फक्त घोडा तेवढा आपल्याकडे नव्हता.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, १७९८ साली, अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरचा मनोविकारांवरचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे हाच क्रायटन रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याचा राजवैद्य झाला. त्याच्या ग्रंथात अवधान आणि त्याचे विकार असे एक अख्खे प्रकरण आहे. ही अस्थिरता माणूस जन्मतःच घेऊन येऊ शकतो, ती लहानपणीच दिसू लागते, तिच्यामुळे शिक्षणात अडथळा येतो आणि वयाबरोबर ती बहुधा कमी होत जाते, असे त्याने लिहिले. कुत्र्याचे भुंकणे किंवा सूर बिघडलेला ऑर्गन एवढेही अशा माणसाला अस्वस्थ करायला पुरेसे असते, हे त्याचे निरीक्षण आजच्या डॉक्टरलाही पटावे. आणि मुख्य म्हणजे ‘जन्मतः’ हा शब्द त्याने वापरला. लाडाचा मुद्दा तिथे पहिल्यांदा मागे पडला.

त्याच सुमारास अवधान या विषयावर पॅरिसमध्ये आपला एक गोंयकार विचार करत होता, हे विसरून चालणार नाही. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला जुझे कुस्तोदियो फारिया, म्हणजे आबे फारिया. पणजीला आदिलशाही राजवाड्याशेजारी त्याचा पुतळा आहे, आणि आल्तिनोवरचे जुने मनोरुग्णालयही त्याच्याच नावाने ओळखले जाई. १८१३ साली त्याने पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले. संमोहन करणाऱ्याच्या हातातून कसला तरी अदृश्य द्रव वाहतो अशी तेव्हाची समजूत होती. फारियाने सांगितले की द्रव वगैरे काही नाही. निद्रेचे कारण निद्रिस्ताच्या ठायीच असते, आणि ते म्हणजे त्याची एकाग्रता. ही क्षमता सर्वांना सारखी नसते, असेही तो म्हणे. तो चंचल मुलांबद्दल बोलत नव्हता, त्यामुळे एडीएचडीच्या इतिहासात त्याला ओढून बसवणे बरोबर नाही. पण एकाग्रता ही बाहेरून हुकमाने आणता येणारी वस्तू नसून आतली, माणसागणिक कमीजास्त असलेली शक्ती आहे, हा मुद्दा त्या काळात मांडणाऱ्यांत एक कांदोळीकर होता, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

१८४४ च्या नाताळात फ्रँकफर्टचा डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधत होता. मनासारखे मिळेना, म्हणून त्याने स्वतःच चित्रे काढून पद्ये लिहिली. ‘श्ट्रुव्हेलपेटर’ या नावाने ते पुस्तक छापून आले आणि पुढे जगभर गेले. त्यात नंतर भर घातलेल्या गोष्टींपैकी एक आहे चुळबुळ्या फिलिपची. जेवणाच्या टेबलाशी हा फिलिप स्वस्थ बसत नाही, खुर्ची मागे-पुढे डोलवतो, आणि शेवटी टेबलक्लॉथ ओढत ताटवाट्यांसकट खाली कोसळतो. दुसरी गोष्ट आकाशाकडे बघत चालणाऱ्या आणि पाण्यात पडणाऱ्या हान्सची. आज डॉक्टर ज्याला अतिचंचल आणि अवधानहीन प्रकार म्हणतात, त्या दोघांची ही चित्रे म्हणायला हरकत नाही. हॉफमन पुढे १८५१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला. तरीही त्याच्या पुस्तकात फिलिप हा रोगी नाही, तो फक्त आईवडिलांचे न ऐकणारा मुलगा आहे. गोष्टीचे तात्पर्य शेवटी शिस्तीचेच.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. स्टिल हे इंग्लंडमधले बालरोगांचे पहिले प्राध्यापक. त्यांनी ४३ मुलांची हकीकत मांडली. त्यांतली २० मुले बुद्धीने चांगली होती, १५ मुलगे आणि ५ मुली. पण हवे ते त्या क्षणीच हवे, परिणामाचा विचार नाही, शिक्षेचा उपयोग नाही, अशी त्यांची स्थिती होती. चांगल्या घरांत, चांगल्या संस्कारांत वाढलेली मुलेही त्यांत आहेत, तेव्हा दोष संगोपनाचा नव्हे, शरीराचा असला पाहिजे, हा स्टिल यांचा रोख होता. पण त्यांनी या अवस्थेला नाव दिले ‘नैतिक नियंत्रणातील दोष’. हेतू मुलांना दोषमुक्त करण्याचा, पण शब्द निवडला तो नेमका दोष देणारा! आजच्या कसोट्या लावल्या तर त्या ४३ पैकी सगळ्यांना एडीएचडी म्हणता येणार नाही. पण काहींचे वर्णन तंतोतंत जुळते.

मेंदूकडे बोट दाखवले ते एका साथीने. १९१७ साली व्हिएन्नाच्या कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी मेंदूज्वराच्या एका विचित्र प्रकाराचे वर्णन केले. त्यात रोग्याला गाढ झोप लागे. ही साथ पुढची दहाएक वर्षे जगभर फिरली. त्यातून वाचलेली अनेक मुले बदलून गेली. आजाराआधी शांत, समंजस असलेले मूल आता रात्र रात्र जागे, घरभर धावे, मनात येईल ते करी. आईवडील तेच, संस्कार तेच, शाळा तीच. बदलला होता तो फक्त मेंदू. निकालाविरुद्धचा इतका भक्कम पुरावा आधी मिळाला नव्हता. मात्र त्याचा अतिरेकही झाला. चंचल मूल दिसले की त्याच्या मेंदूला कुठे तरी इजा झाली असणार असे गृहीत धरले जाऊ लागले. इजा तर सापडेना, म्हणून ती ‘किंचित इजा’ ठरली, आणि १९६० च्या दशकात तिचे ‘किंचित बिघाड’ झाले.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या फ्रान्झ क्रामर आणि हान्स पोल्नो यांनी मात्र १९३२ साली मेंदूज्वर न झालेल्या मुलांतही हीच अतिचंचलता वेगळी ओळखली. त्यांचे वर्णन आजच्या व्याख्येच्या बरेच जवळ जाते. दोघेही ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर दोघांनाही देश सोडावा लागला. पोल्नो फ्रान्समध्ये पकडले गेले आणि १९४३ साली माउटहाउझेनच्या छळछावणीत मारले गेले. ते काम पुढे गेले असते तर हा इतिहास कदाचित जर्मनीत लिहिला गेला असता. तो लिहिला गेला अमेरिकेत.

ऱ्होड आयलंड राज्यात एमा ब्रॅडली या मुलीला सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अपंग झाली. तिच्या आईवडिलांच्या संपत्तीतून १९३१ साली तिच्या नावाने मुलांसाठी रुग्णालय उभे राहिले. तिथे त्याच घराण्यातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करत. त्या काळी मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी पाठीच्या मणक्यातला द्रव काढून तिथे हवा भरत, आणि त्यामुळे मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीला काही विशेष फरक पडला नाही, पण शिक्षक सांगू लागले की मुले अभ्यास करू लागली! १९३७ साली त्यांनी ३० मुलांवरचे निष्कर्ष छापले. निम्म्या मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली होती. मुलांनी स्वतःच त्या औषधाचे नाव ‘गणिताच्या गोळ्या’ ठेवले. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत होते, हे कोडे तेव्हा कुणालाच सुटले नाही. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानिझ्झोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीचे नाव मार्गरीट, लाडाचे नाव रीटा. टेनिसच्या आधी ती हे औषध घेई, म्हणून औषधाचे नाव पडले ‘रिटालिन’.

उत्तेजकाने शांतता कशी येते, या कोड्यातच मेंदूत काय घडते याचे बरेचसे उत्तर आहे. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये एक सूक्ष्म फट असते. पणजी आणि बेती यांच्यामधल्या मांडवीसारखी समजा. निरोप एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचा तर डोपामीन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायने फेरीबोटीचे काम करतात. काम झाले की ती पुन्हा मूळ पेशीत ओढून घेतली जातात. मेथिलफेनिडेट ही ओढ मंदावते, त्यामुळे फेरीबोट पाण्यात थोडी अधिक वेळ राहते आणि जास्त निरोप पलीकडे पोहोचतात. आता हे कुठे घडते ते महत्त्वाचे. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग थांबायला सांगतो, क्रम लावतो, आत्ताचे काम मनात धरून ठेवतो. मेंदूच्या गाभ्यातल्या केंद्रांशी त्याचे सतत बोलणे चालू असते. हे बोलणे क्षीण असले की गाडीचा ब्रेक हलका लागतो. औषध इंजिनाला नव्हे, ब्रेकला बळ देते. म्हणून उत्तेजकाने मूल स्थिर होते. अर्थात ‘डोपामीन कमी म्हणजे एडीएचडी’ इतके सोपे समीकरण नाही. अनेक जाळी यात गुंतलेली आहेत. माणूस स्वस्थ बसून स्वतःच्या विचारांत रमतो तेव्हा जागे होणारे मेंदूतले एक जाळे काम सुरू झाल्यावर मिटायला हवे. या मुलांत ते पुरते मिटत नाही, असे संशोधकांना दिसते. ‘तंद्री’ हा आपला शब्द इथे शास्त्राच्या फार जवळ जातो.

‘मग टीव्हीसमोर, गेमसमोर कसा तासन् तास बसतो?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की या मुलांत लक्ष नसते असे नाही, लक्षाचे सुकाणू हाती नसते. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळते. गृहपाठाचे बक्षीस परीक्षेच्या निकालात, म्हणजे कित्येक महिन्यांनी. दूरचे बक्षीस या मेंदूला फार फिके दिसते.

१९९० साली अॅलन झॅमेटकिन आणि सहकाऱ्यांनी लहानपणापासून अतिचंचल असलेल्या प्रौढांच्या मेंदूत साखरेचा वापर सुमारे ८ टक्क्यांनी कमी असल्याचे दाखवले, आणि मेंदूची चित्रे वर्तमानपत्रांत झळकली. २००७ साली फिलिप शॉ यांच्या गटाने अमेरिकेत एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूंची तुलना केली. मेंदूच्या सालीची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी कळसाला पोहोचते, ती या मुलांत साडेदहाव्या वर्षी. सर्वांत जास्त उशीर दिसला तो त्याच पुढच्या भागात. उलट हालचालींचे नियंत्रण करणारा भाग मात्र किंचित लवकर पिकला होता. पाय धावायला तयार आणि लगाम अजून वळायचा आहे, अशी ही अवस्था. २०१७ साली तीन हजारांहून अधिक जणांच्या मेंदूंच्या चित्रांवरून मेंदूच्या आतल्या काही भागांचे आकारमान किंचित लहान आढळले. ‘किंचित’ हा शब्द अधोरेखित करायला हवा. हे फरक समूहांच्या सरासरीत दिसतात. एका मुलाचा स्कॅन काढून निदान होत नाही. तसे कुणी सांगितले तर पाकीट सांभाळावे.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकाराची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के मानली जाते. कुणी एक गुणसूत्र त्याला जबाबदार नाही. शेकडो लहान लहान घटक त्यात आहेत. अकाली जन्म, जन्मवेळचे कमी वजन यांचाही वाटा असतो. साखरेचा मात्र नाही. १९९० च्या दशकात नीट तपासून पाहिले गेले तेव्हा साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचे दिसले नाही. तेव्हा चवथीच्या नेवऱ्यांवर आळ घेऊ नये.

हा विकार फक्त डोक्यात राहत नाही, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. अनेकांचे शरीराचे घड्याळच उशिरा चालते. रात्री झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. धडपडणे, ठेचकाळणे, हस्ताक्षर बिघडणे हे हातापायांच्या मेळातल्या उणिवेमुळेही असते. मोठेपणी वजन वाढण्याचा धोका अधिक असतो. चुळबुळ तर कधी कधी कामाचीच असते: २०१५ साली फ्लोरिडातील एका अभ्यासात ही मुले जितकी जास्त हलत होती, तितकी त्यांची तात्पुरती स्मृती चांगली चालत होती. हात बांधून बसवले की लक्ष वाढते, हा आपला जुना समज इथे उलटा पडतो. सर्वांत गंभीर बाब म्हणजे अपघात. डेन्मार्कमध्ये १९ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एडीएचडी असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला, आणि त्याचे मुख्य कारण अपघात होते. एकूण मृत्यू थोडेच होते, पण वांडपणा म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे, एवढे त्यावरून कळते.

नावेही बदलत गेली. १९६८ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत ती ‘बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया’ होती. मुख्य अडचण चळवळेपणाची नसून लक्ष टिकवण्याची आहे, हे कॅनडाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७० च्या दशकात दाखवले, आणि १९८० साली अवधान हा शब्द नावात आला. आजचे नाव १९८७ चे. २०१३ साली प्रौढांसाठी कसोट्या सैल झाल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या सूचीतही हेच नाव आले. या प्रवासात मुली फार काळ मागे राहिल्या. त्या टेबलक्लॉथ ओढत नाहीत, त्या नुसत्या खिडकीबाहेर पाहतात. कित्येक बायकांना आपले निदान कळते ते मुलाचे निदान झाल्यावर, वयाच्या चाळिशीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१२ साली असे दिसले की वर्गातल्या सर्वांत लहान, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा हे निदान ३० टक्के अधिक वेळा मिळत होते, आणि मुलींना ७० टक्के अधिक. म्हणजे कोवळेपणालाही रोगाचे नाव दिले जात होते. औषधांचेही तसेच. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात चौदा महिन्यांनंतर औषध घेणारी मुले स्पष्टपणे पुढे होती (१९९९); तीन वर्षांनी तो फरक उरला नव्हता. औषध उपयोगी आहे, अनेकांना फार उपयोगी आहे, पण ते भूक आणि झोप कमी करू शकते, आणि एकटे ते पुरत नाही. घरची घडी, छोट्या पायऱ्यांचे काम, लगेच मिळणारी शाबासकी, आणि समजून घेणारा शिक्षक हेही लागतात.

आपल्याकडचे काय? भारतातल्या पाच ठिकाणी घरोघरी जाऊन २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या पाचांत उत्तर गोवा होते, हैदराबादही होते. मोठ्या मुलांत एडीएचडीही तपासला गेला. मेंदूच्या वाढीशी निगडित कोणता ना कोणता विकार असलेल्या मुलांचे प्रमाण ठिकाणागणिक खूप बदलत होते, पण एकूण पाहता ते साधारण दर आठ मुलांमागे एक असे निघाले. म्हणजे हा प्रश्न आपल्याच वाड्यावरचा आहे. मुलांना शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मात्र विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे नाव नाही. बांबोळीला मनोविकारांसाठी सरकारी संस्था आहे. तिथे मुलाला नेणे म्हणजे वेडेपणाचा शिक्का मारून घेणे, ही भीती अजून पुष्कळ घरांत आहे.

स्टिल यांच्या ४३ मुलांना काय वाटत होते, हे त्या व्याख्यानांत आपल्याला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. ब्रॅडलींच्या मुलांनी निदान गोळ्यांना नाव तरी ठेवले. आजच्या मुलाला विचारता येते. ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ हा प्रश्न ओरडून न विचारता, उत्तर ऐकण्यासाठी विचारला, तर बहुतेक मुले ते सांगू शकतात: बाहेरच्या कावळ्याकडे होते, पंख्याच्या आवाजाकडे होते, आणि फळ्याकडे आणायचा मी प्रयत्न करत होतो. त्यातला ‘प्रयत्न करत होतो’ हा भाग आपण अडीचशे वर्षांत फार कमी वेळा ऐकला. तो ऐकला गेला, तर पालक सभेत मान खाली घालून बसणारी एखादी आई मान वर करून प्रश्न विचारू शकेल.